आडनाव जमिनीला लावू नका

मागच्या वर्षी एका हिंदी कथेचा मी मराठी अनुवाद केला. कथा भिलाईतल्या कॅम्प-१ ची. मी तिथेच वाढले, त्यामुळे गल्ल्या, नळ, पाळीच्या भोंग्याचे तास यांसाठी मला कोश उघडावा लागला नाही. मुद्रितं तपासायला आली तेव्हा 'कॅम्प-१' या शब्दाभोवती जिथे तिथे लाल वर्तुळ होतं आणि समासात शेरा होता : 'हे ठिकाणाचं नाव वाटत नाही. खरं नाव द्यावं.' शेवटच्या पानावर, अनुवादकाच्या परिचयात, माझं आडनावही दुरुस्त झालं होतं. मी माहेरचं लिहून दिलं होतं. त्यांनी बँकखात्याच्या तपशिलावरून सासरचं उचललं होतं.

दोन्ही दुरुस्त्या सद्भावनेनं केलेल्या होत्या, म्हणूनच त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. या दोन्हींमागे एकच समज आहे. जागेला 'खरं' नाव हवं, माणसालाही 'खरं' नाव हवं, आणि खरं म्हणजे पाटीवर शोभेल असं. जागेच्या पाटीवर थोर माणसाचं आडनाव शोभतं, बाईच्या पाटीवर नवऱ्याचं. हा लेख त्या समजुतीविरुद्ध आहे.

कोणताही कोश किंवा सूची उघडा. एका आडनावाखाली माणसं, डोंगर, सरोवरं, विवरं ओळीनं बसवलेली दिसतात. एव्हरेस्ट : एक भूमापक, एक शिखर. विल्सन : एक गव्हर्नर, एक पॉइंट. जोशी : असंख्य माणसं आणि शुक्र ग्रहावरचं एक विवर. सूची त्यांना शेजारी बसवते, पण नाव कुणाकडून कुणाकडे गेलं हे सांगत नाही. जमिनीनं माणसाला दिलं की माणसानं जमिनीवर ठोकलं? माझ्या मते विचारण्यासारखा प्रश्न तेवढाच आहे.

मराठीत हा प्रवाह बहुतांशी जमिनीकडून माणसाकडे वाहत आला. 'कर' हा प्रत्यय म्हणजे त्याची पावती. मर्ढे गावावरून मर्ढेकर, मंगेशीवरून मंगेशकर, पेणवरून पेणकर. याचं कौतुक जरा जपून करायला हवं. गावात राहणाऱ्याला कुणी त्या गावाचा 'कर' म्हणत नाही. गाव सुटलं की तो चिकटतो. शिवाय 'कर' म्हणजे मालक नव्हे. ज्यांच्या नावावर त्या गावात वीतभर जमीन नव्हती, ज्यांना गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्यांनाही तो लागला. म्हणजे नाव देताना गावानं सात-बारा पाहिला नाही. गावातल्या माणसांनी पाहिला असेल; नावानं नाही.

दीनानाथ मंगेशकरांचं उदाहरण घ्या. वडील मंगेशीच्या देवळातले पुजारी, आई येसूबाई देवळाच्या सेवेशी बांधलेल्या समाजातली. अशा घरातल्या मुलाला बापाचं आडनाव कोण देणार? दीनानाथांनी गावाचं घेतलं. समाज जे द्यायला तयार नव्हता ते गावानं दिलं, आणि पुढे त्या नावाला जे तेज चढलं त्यापुढे पुजाऱ्याच्या घरचं आडनाव कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. गावाचं नाव कधी कधी असं आसरा देतं. बापाचं नाव दाखला मागतं.

उलट्या दिशेचा प्रवाह कसा वाहतो ते पाहायला हिंगणघाटला जाऊ. माझे वडील त्या तालुक्यातले. साठच्या दशकात भिलाईला आले, आधी ठेकेदाराकडे, मग कारखान्यात कोक ओव्हनला लागले. सुट्टीत गावी गेलो की हिंगणघाटात एका साहेबाची कबर आहे असं ऐकायला मिळे. तो साहेब कोण, ते मला फार उशिरा कळलं. विल्यम लॅम्बटन. ज्या महामोजणीनं भारतीय उपखंडावर त्रिकोणांचं जाळं विणलं, तिचा पहिला प्रमुख. ती मोजणी उत्तरेकडे सरकवता सरकवता १८२३ च्या जानेवारीत तो हिंगणघाटला वारला. त्याच्या नावाचं शिखर आपल्या कुणाच्या तोंडात नाही. त्याचं काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टचं मात्र जगाच्या तोंडात आहे.

एव्हरेस्ट १८४३ मध्ये निवृत्त होऊन मायदेशी गेला. त्याच्या जागी आलेल्या अँड्र्यू वॉनं १८५६ मध्ये शिखर क्रमांक पंधराला आपल्या गुरूचं नाव सुचवलं. कारण काय दिलं? या शिखराचं स्थानिक नाव नक्की सापडत नाही. वास्तविक तिबेटी नाव अठराव्या शतकातल्या युरोपीय नकाशांतही उमटलेलं होतं. तिबेटी लोक त्या पर्वताला चोमोलुंगमा म्हणत होते आणि आजही म्हणतात. गंमत अशी की खुद्द एव्हरेस्टनं हरकत घेतली होती. माझं नाव हिंदीत लिहिता येणार नाही, तिथल्या माणसाला उच्चारता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं १८६५ मध्ये तरीही ते पक्कं केलं. परिणाम आपल्यासमोर आहे. त्या घराण्याचा उच्चार 'ईव्हरेस्ट' असा होता. आज सगळं जग त्याचं नाव चुकीचं उच्चारतं, इंग्रजसुद्धा. पर्वताचं नाव गेलं आणि माणसाचंही. जमिनीला आडनाव लावण्याचा व्यवहार असा दोघांनाही बुडवतो.

'स्थानिक नाव सापडत नाही' हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे. 'हे ठिकाणाचं नाव वाटत नाही' या माझ्या समासातल्या शेऱ्याचं ते पणजोबा लागतं.

महाबळेश्वरला हाच व्यवहार घाऊक भावात झाला. गावाला गव्हर्नर माल्कमवरून माल्कमपेठ, मग लॉडविक पॉइंट, एल्फिन्स्टन पॉइंट, बॅबिंग्टन पॉइंट. सगळ्यांत उंच जागा सिंडोळा. तिचा विल्सन पॉइंट झाला. तिथे सूर्योदय पाहायला जमलेल्या गर्दीत विचारा, विल्सन कोण? कुणाला सांगता येत नाही. सिंडोळा विचारा, तेही नाही. गव्हर्नराचं स्मारक झालं नाही आणि डोंगराचं नाव तेवढं पुसलं गेलं. इतकं अपयशी स्मारक आपण आजही नव्या नव्या चौकांत उभारतो, याचं मला नवल वाटतं.

'ते साहेबांचं झालं, आपली माणसं असली तर?' असं कुणी म्हणेल. तर आपल्याच माणसांकडे वळू. फक्त त्यासाठी जरा लांब जावं लागेल. ज्या सोव्हिएत देशानं भिलाईचा कारखाना उभारायला हात दिला, त्याच देशाचं व्हेनेरा-७ हे यान १९७० च्या डिसेंबरात शुक्रावर उतरलं. पुढे यानांनी त्या ग्रहाचे तपशीलवार नकाशे केले आणि नावं द्यायची वेळ आली. आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेचा संकेत असा की शुक्रावरची नावं बायकांची. त्यातही मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांची आडनावं आणि लहान विवरांना बायकांची साधी पहिली नावं. तीन विवरांची नावं मराठी मुलखाशी जोडलेल्या स्त्रियांवरून पडली : जोशी, मेधावी आणि झिराड. शुक्रावर मराठी झेंडा म्हणून ही गोष्ट अभिमानानं सांगितली जाते. मला ती सांगताना अडखळायला होतं. एकेक नाव घेऊ.

जोशी म्हणजे डॉक्टर आनंदीबाई. १८६५ मध्ये कल्याणच्या जोशांकडे जन्मली तेव्हा तिचं नाव यमुना होतं. नदीचं नाव. लग्नात ते पुसलं आणि आनंदी झालं. सासरही जोशीच. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियात ती डॉक्टर झाली, परत आली आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षांची व्हायच्या आत गेली. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आहेत. तिची आठवण शुक्रावर कशी ठेवली? जोशी म्हणून. जे आडनाव गल्लीत हाक मारली तर चार जण वळून पाहतील, ज्यात ती अजिबात नाही, ते. यमुना नाही, आनंदीही नाही. पहिल्या नावाची विवरं लहान ठेवायची असा संकेत असल्यामुळे, मोठी ठरलेल्या बाईला आपल्याच नावानं ओळखलं जाण्याचा हक्क उरला नाही.

मेधावी कोण, हे निम्म्या वाचकांना आठवावं लागेल. त्या म्हणजे पंडिता रमाबाई. मराठीत त्यांना मेधावी कुणी म्हणत नाही. जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या डोंगरावर, वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात. म्हणजे डोंगरावर जन्मलेली डोंगरे. आडनाव आणि भूगोल यांचा एवढा नेमका मेळ क्वचितच बसतो. 'पंडिता' ही पदवी त्यांनी कलकत्त्याच्या विद्वानांसमोर स्वतः कमावली. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावींशी विवाह केला. १८८२ च्या आरंभी ते वारले. दोन वर्षांचाही संसार नाही. त्यानंतर चाळीस वर्षं रमाबाई जगल्या, आर्य महिला समाज काढला, शारदा सदन काढलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, आणि अखेरची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद करण्यात घातली. आमच्या धंद्यातल्या त्या थोर पूर्वज. या सगळ्यातून संकेताच्या चाळणीत काय उरलं, तर नवऱ्याचं आडनाव. नवऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. जातीबाहेर लग्न करायला त्या काळी छाती लागत होती. तक्रार चाळणीबद्दल आहे.

बायकांची नावं द्यायच्या त्या ग्रहावर सगळ्यांत उंच पर्वताचं नाव काय आहे? मॅक्सवेल मोंतेस. जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाचं आडनाव. संकेत पक्का होण्याआधी ते पडलं आणि अपवाद म्हणून राहू दिलं. पर्वताला पुरुष आणि विवराला डोंगरे घराण्यातली बाई, तीही डोंगरे म्हणून नव्हे. यावर मी काही जोडण्याची गरज नाही.

तिसरं नाव झिराड. डॉक्टर जेरुशा झिराड बेने इस्रायली होत्या, मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, बाळंतिणींच्या सेवेत आयुष्य गेलं. बेने इस्रायल समाज कोकणातल्या गावांवरून ओळखला जातो : पेणकर, रोहेकर, नवगावकर. अलिबाग तालुक्यात झिराड नावाचं गाव आहे. त्या गावानं एका घराण्याला नाव दिलं, घराण्यानं ते मुलीला दिलं, आणि मुलीबरोबर ते शुक्रावर गेलं. तिन्हींत मला आवडणारं नाव हेच. कारण त्यावर हात ठेवला तर खाली माती लागते. पण हेही योगायोगानं घडलं. नाव ठेवणाऱ्यांनी अलिबागच्या झिराडचा विचार केला असेल, असं मला वाटत नाही.

आता खरा आक्षेप, आणि तो मी टाळणार नाही. आंबेडकरांचं काय? रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर, त्याचं आंबेडकर. त्या नावानं परत जाऊन जमीन व्यापली : उत्तर प्रदेशात १९९५ मध्ये आंबेडकर नगर जिल्हा झाला, जन्मगाव महू डॉ. आंबेडकर नगर झालं, आणि देशभर वस्त्या-वस्त्यांना ते नाव लागलं. ज्यांना शतकानुशतकं कशालाच नाव द्यायचा अधिकार नव्हता त्यांनी आपल्या वस्तीला आंबेडकर नगर म्हटलं, तर 'आडनाव जमिनीला लावू नका' असं त्यांना सांगणारी मी कोण?

मी ते सांगत नाही. तिथे राहणाऱ्यांनी स्वतः ठेवलेलं नाव ही वेगळी गोष्ट आहे. गव्हर्नराच्या कचेरीत किंवा मंत्रालयाच्या फायलीत ठरलेलं नाव आणि पहिली झोपडी उभारताना माणसांनी उच्चारलेलं नाव सारखं नसतं. दुसरं नाव जमिनीनंच दिल्यासारखं असतं, कारण तिथली माणसं म्हणजेच ती जमीन. आणि या बाबतीत मराठीनं एक शब्दही घडवला आहे, जो दुसऱ्या भाषांत नेताना माझी नेहमी दमछाक होते : नामविस्तार. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात झाला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ ला नाव झालं 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. ती तडजोड होती, आणि ज्यांनी घरं आणि जीव गमावले त्यांना ती कमी वाटली तर नवल नाही. पण त्या नावाकडे अनुवादकाच्या नजरेनं पाहा. माणूस नुसत्या आडनावानं आलेला नाही, लोकांनी दिलेल्या 'बाबासाहेब' या नावासकट पुरता आला आहे. आणि प्रदेश पुसलेला नाही, शेजारी उभा आहे. २०२२ मध्ये आंध्रात कोनसीमा जिल्ह्याला नाव देतानाही 'कोनसीमा' राहिलं आणि अलीकडे आंबेडकर आले. तिथेही विरोधात जाळपोळ झाली, हे विसरू नये. जमिनीला माणसाचं नाव द्यायचंच असेल तर ही रीत आहे. माणूस अख्खा यावा आणि जागेचं नाव जागेवर राहावं.

याउलट आमच्या भिलाईतलं नेहरू नगर घ्या. नेहरूंनी आत्मचरित्रात सांगितलं आहे की त्यांच्या पूर्वजांचं घर दिल्लीत नहराच्या, म्हणजे कालव्याच्या काठी होतं. म्हणून कौल घराण्याचं नेहरू झालं. म्हणजे कालव्यानं माणसाला नाव दिलं आणि माणसानं देशभरच्या नगरांना. शब्दशः पाहिलं तर नेहरू नगर म्हणजे कालवा नगर. रोज तिथून बसनं जाणाऱ्याला त्यात कालवा ऐकू येत नाही, आणि पुष्कळदा नेहरूही नाहीत. ऐकू येतो एक थांबा.

भिलाईचं मला आवडतं ते वेगळंच. कारखान्याला नाव गावाचं दिलं गेलं, कुणाच्या आडनावाचं नाही. कामगारांच्या वसाहतींना सेक्टरचे आकडे मिळाले. सोव्हिएत मंडळींची आठवण ठेवायची तर बागेला नाव दिलं मैत्री बाग, माणसाऐवजी नात्याचं. आणि कारखाना उभारणाऱ्या मजुरांच्या छावण्यांना कॅम्प म्हटलं. छावणी हलते म्हणून तिला नाव कशाला, असा त्यात हिशोब असणार. छावणी हलली नाही. पॉवर हाउसच्या बाजारापलीकडे ती वस्ती झाली. तेलुगू, ओडिया, भोजपुरी, मल्याळम, पंजाबी, छत्तीसगढी आणि आमची वऱ्हाडी वळणाची मराठी एका नळावर भांडू लागली. आकडा कचेरीनं दिला हे खरं. पण आता तो तिथे जन्मलेल्यांच्या तोंडी दोन पिढ्या घासून गुळगुळीत झाला आहे. कुठून आलात? कॅम्प वन. यापेक्षा खरं नाव मी कुठून आणू?

शिवाय त्या नावात एक इतिहास आहे, जो कोणत्याही थोर आडनावानं झाकला जाईल. इथे लोक राहायला आले नव्हते, कामाला आले होते, आणि राहिले. 'कॅम्प' हा शब्द ते आजही सांगतो. 'अमुक नगर' ते सांगणार नाही.

आणि बाईच्या नावाचं उत्तरही मला त्याच गल्लीत मिळालं आहे. छत्तीसगढीत सासरी आलेल्या सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात : रायपूरची ती रयपुरहिन, दुर्गची ती दुरुगहिन. नवऱ्याचं आडनाव नाही, बापाचंही नाही. ती ज्या मातीतून आली तिचं नाव. आमच्या शेजारच्या छत्तीसगढी बायका माझ्या आईला आयुष्यभर नागपुरहिन म्हणत आल्या. हिंगणघाट त्यांना ठाऊक नव्हतं, नागपूर ठाऊक होतं. एवढी चूक चालते. आईचं आडनाव काय, हे त्या गल्लीत बहुधा कुणी विचारलंही नसेल, आणि तिला शोधायला आलेला माणूस कधी चुकला नाही.

म्हणून संपादकांना, सूची करणाऱ्यांना आणि नावं ठेवण्याचा अधिकार असलेल्या सगळ्यांना माझं सांगणं थोडकं आहे. एका आडनावाखाली माणूस आणि डोंगर मांडाल तेव्हा नाव कुठून कुठे गेलं ते लिहा, आणि आधीचं नाव काय होतं तेही. बाईचा गौरव करायचा तर तिला तिच्या नावानं बोलवा. जागेचं नाव तुमच्या कानाला नाव वाटत नसेल तर तिथल्या माणसाला विचारा. समासात लाल वर्तुळ काढू नका.

मुद्रितं मी परत पाठवली. प्रत्येक लाल वर्तुळाशेजारी लिहिलं : 'आहे तसंच ठेवावं.' परिचयातलं आडनाव मात्र दोन्ही खोडली, माहेरचंही. उरलं माझं नाव, आणि पुढे कॅम्प-१, भिलाई.